क्लचला काजूचा काटा

चेनच्या, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या, जुन्या ट्रॅक्टरला क्लच एक नसतो, तीन असतात. आणि झिजले की ते एकमेकांच्या उलट वागतात. हे आधीच सांगून टाकते, कारण निम्मे घोळ इथेच होतात. मुख्य क्लच पुढे, इंजिनाच्या फ्लायव्हीलला, म्हणजे त्याच्या जड चाकाला, लागून. बाकीचे दोन मागे, सीटच्या खाली, एक डाव्या चेनचा आणि एक उजव्या. मुख्य क्लच झिजला की त्याचा दांडा हलका पडतो, कुठेही न अडता सहज मागे येतो. मागचे दोन झिजले की त्यांच्या दांड्यांचा प्ले, म्हणजे जोर लागण्याआधीची मोकळी हालचाल, कमी कमी होत जातो आणि एक दिवस पार संपतो. झीज दोन्हीकडे तीच, पण एकीकडे हाताला सैल लागतं, दुसरीकडे घट्ट. हे ज्याला ठाऊक नाही तो मागच्या दांड्याचा प्ले संपलेला पाहून म्हणतो, "वा, अजून टाइट आहे!" आणि महिनाभराने क्लचच्या प्लेटा जळाल्याचा वास नाकात घेऊन भंगारवाल्याला फोन लावतो.

आमच्या मामाकडे असलं एक मशीन आहे. कॅटरपिलर डी-४, १९५०च्या दशकातलं. गोव्यातल्या साखळी गावाच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्याची काजूची बागायत आहे, खाली थोडी शेती आहे, आणि या दोन्हींच्या मधल्या उतारावर पत्र्याच्या शेडमध्ये हे धूड उभं असतं. मूळ पिवळा रंग कोपऱ्याकोपऱ्यात उरलाय, बाकी सगळी तांबडी माती. समोर ब्लेड आहे. मामा त्याने बागायतीत आगीसाठी पट्टे मोकळे करतो, पायऱ्या सपाट करतो, पावसाने फोडलेली मेर पुन्हा उभी करतो, आणि गावात कोणाचा ट्रक चिखलात रुतला की ओढून काढतो. ह्या शेवटच्या कामाचे पैसे घेत नाही. मामी म्हणते, डिझेलचे तरी घ्या.

गोव्यात ही यंत्रं शेतीसाठी आलीच नव्हती. पोर्तुगिजांच्या शेवटच्या दशकात खाणीचं काम टिकाव-टोपलीवरून यंत्रांवर गेलं. युद्धातून सावरणाऱ्या जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं. यंत्रांसाठी पैसा तिकडून आला आणि त्याची फेड खनिजातून झाली. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, खाणी चालूच राहिल्या, यंत्रं मोठी होत गेली आणि डी-४सारखी पोरं बाजूला पडली. वर्कशॉपमधून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून दुसऱ्या ठेकेदाराकडे. मग सप्टेंबर २०१२मध्ये सरकारने खाणकाम स्थगित केलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. २०१४ला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली, आणि फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. डिचोली, सत्तरी, सांगे, सावर्डे, कुठेही जा, दारोदार ट्रक उभे आणि नदीत खनिज वाहणाऱ्या बार्ज बांधलेल्या. त्या काळात लोक मिळेल त्या भावाने लोखंड काढत होते. मामाने हे मशीन तेव्हाच घेतलं. घरी कोणाला न विचारता घेतलं, हे वेगळं.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि नोकरी पणजीत टेबलावरची करते. त्यामुळे मामाच्या लेखी मी इंजिनीअर आहे आणि ऑफिसच्या लेखी क्लार्क. गेल्या उन्हाळ्यात, शिरगावच्या लईराईच्या जत्रेच्या आधी, मी गेले तेव्हा चहा हातात पडायच्या आत तो म्हणाला, "बरं झालं आलीस गो. क्लच स्लिप मारतोय. मेस्त्रींना बोलावलंय."

मेस्त्री म्हणजे खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. वयाची सत्तरी ओलांडलेली, अंगात अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, कानावर खडू. लाकडी कामवाल्याच्या कानावर पेन्सिल असते तसा ह्यांचा खडू. बोलणं कमी. मशीनभोवती एक फेरी मारली, मामाला सीटवर बसवलं, ब्लेड बांधाला टेकवायला लावलं आणि नुसते ऐकत उभे राहिले. इंजिनाचा आवाज चढला, चेन मात्र जागची हलेना. खरं तर ब्लेड अडलं की इंजिन दबून आचके द्यायला हवं. ते आपलं मजेत फिरत होतं.

"प्लेटा गेल्या?" मामाने विचारलं. त्याच्या डोळ्यापुढे खर्चाचा आकडा दिसत होता.

"बघूया," मेस्त्री म्हणाले. "लोक आधी प्लेटाच काढतात."

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. गाडीचा क्लच पायाखाली असतो आणि पाय काढला की स्प्रिंगा त्याला घट्ट दाबून धरतात. चेनच्या ट्रॅक्टरवर पाय मोकळे नाहीत. दोन पायांना दोन ब्रेक, प्रत्येक चेनचा वेगळा. हातही मोकळे नाहीत, वळवायचे दोन दांडे समोर असतात. मग मुख्य क्लच असा हवा की एकदा लावला की त्याने आपला आपण लागून राहावं. म्हणून डाव्या हाताला एक उंच दांडा. पुढे ढकलला की क्लच सुटतो, मागे ओढला की लागतो. आणि लागतो तो स्प्रिंगच्या जोरावर नाही. आत लहान लहान सांधेजोड दांड्या असतात. ओढताना त्या सरळ होत जातात, पूर्ण सरळ झाल्या की दाब सगळ्यात जास्त, आणि त्याच्याही किंचित पलीकडे गेल्या की तिथेच अडकून बसतात. जेवणाच्या डब्याची बाजूची कडी आठवा. दाबताना एका जागी जोर लागतो, मग टक्कन पलीकडे जाऊन बसते आणि आपण होऊन उघडत नाही. तोच प्रकार.

ह्या रचनेत सोय मोठी आहे, पण एक मेख आहे. स्प्रिंग असली की प्लेट थोडी झिजली तरी ती मागोमाग सरकते आणि दाब टिकवते. इथे मागोमाग सरकणारं कोणी नाही. लायनिंग, म्हणजे प्लेटेवरचं घासणारं अस्तर, केसभर झिजलं की तेवढा दाब गेलाच. म्हणून हा क्लच वारंवार ॲडजस्ट करावा लागतो, आणि गंमत म्हणजे नवीन प्लेटा टाकल्यावर सगळ्यात जास्त वेळा. नवं लायनिंग वरवरच टेकलेलं असतं. पूर्ण बसेपर्यंत ते भराभर दबतं, आणि तेवढ्या काळात पुन्हा पुन्हा कसावं लागतं. हे न कळल्यामुळे कित्येकांनी नव्या कोऱ्या प्लेटा आठवडाभरात जाळल्या असतील आणि दुकानदाराला डुप्लिकेट माल दिला म्हणून शिव्या घातल्या असतील.

अर्धा लावलेला क्लच ह्या मशीनला चालत नाही. गाडीत चढावर आपण अर्ध्या क्लचवर तोलून धरतो, वाईट सवय म्हणून सोडून देता येतं. इथे अर्धं म्हणजे आग. ओझं काही टनांचं, वेग माणसाच्या चालीचा. प्लेटा घासत राहिल्या की लायनिंगवर काचेसारखी चकाकी चढते, लोखंडी प्लेट तापून वाकते. त्यामुळे दांडा ओढताना इंजिन हळू ठेवायचं, एका दमात पलीकडे न्यायचा, मग रेस द्यायची. मामाला हे पटलेलं आहे, आचरणात मात्र तो आधी रेस देतो.

तर काम. इंजिन बंद, गार होऊ दिलं. डी-४चं डिझेल इंजिन चालू करायला शेजारी एक छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं. आधी ते चालू करायचं, मग त्याने मोठ्याला फिरवायचं. मेस्त्रींनी त्या छोट्याच्या प्लगची वायर काढून खिशातच घातली. "माझ्या खिशात असली की कोणाला हुक्की येत नाही," म्हणाले आणि मामाकडे पाहिलंही नाही. पायाखालची प्लेट उचलली, क्लचच्या घरावरचं झाकण खोललं. आतून सुकलेली तांबडी माती आणि काळी भुकटी एकत्र खाली आली. मी कापड पुढे केलं ते ओलं करून. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, फुफ्फुसांना घातक, त्याची धूळ फुंकायची नसते आणि कॉम्प्रेसरने तर उडवायचीच नसते. मेस्त्रींच्या पिढीने आयुष्यभर उडवली. ते काही बोलले नाहीत, कापड मात्र घेतलं.

झाकणाच्या त्या लहानशा खिडकीतून आत पाहिलं की एक जाड लोखंडी कडं दिसतं. ते फिरवलं की पलीकडची प्लेट जवळ येते, म्हणजे सांधे सरळ होण्याआधीच दाब सुरू होतो. कडं सुटू नये म्हणून कुठल्या मशीनवर एक खुंटी भोकात बसते, कुठल्या मशीनवर एक बोल्ट ते आवळून धरतो. आमच्यात बोल्ट. तो खिडकीसमोर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवायचं. मग मशीन गिअरमध्ये टाकायचं, म्हणजे शाफ्ट अडतो आणि कडं एकटंच फिरतं. क्लचचा दांडा अर्थात सुटलेल्या बाजूला. बोल्ट ढिला केला, कानावरचा खडू काढून कड्यावर आणि शेजारच्या भागावर एक सरळ रेघ मारली, बारीक पहार लावून कडं बोटाच्या पेराएवढं सरकवलं. रेघ तुटली. तुटलेल्या रेघेतलं अंतर म्हणजे काय केलं त्याची नोंद. बोल्ट आवळला.

मला वाटलं, आता मेस्त्री दांडा ओढून बघतील, मान हलवतील, आणि मी आयुष्यभर ज्याबद्दल वाचत आले तो जुन्या कारागिराचा हात मला बघायला मिळेल.

"काटा आण गो बाय," ते म्हणाले.

"कसला काटा?"

"काजूचा. मामीकडे असेल."

मामीकडे होताच. काजूच्या बिया विकताना व्यापाऱ्याच्या काट्यावर विसंबायला नको म्हणून तिने स्वतःचा स्प्रिंगचा काटा ठेवलाय. वर कडी, खाली हूक, मध्ये गोल तबकडी. सीझन ऐन भरात होता, त्यामुळे तिने दहा प्रश्न विचारून, मोडला तर भरून द्यायचा ह्या अटीवर दिला. मेस्त्रींनी तो दांड्याच्या मुठीखाली अडकवला. तिथे सुतळीचे वेढे होते, वर्षानुवर्षांच्या तेलाने काळे झालेले. ती सुतळी मी पूर्वीही पाहिली होती आणि हाताला पकड यावी म्हणून असेल असं धरून चालले होते. ती हुकाची जागा होती. दर वेळी तिथेच अडकवायचं, आणि दांड्याशी काटकोनात ओढायचं. वर-खाली तिरकं ओढलं की आकडा बदलतो. मडगार्डच्या आतल्या अंगाला, जिथे ऊन-पाऊस लागत नाही तिथे, पांढऱ्या ऑइलपेंटने १८ लिहिलेलं होतं. मेस्त्रींनीच लिहिलेलं, मागच्या खेपेला.

मामा ओढणार, मी तबकडी वाचणार. सगळ्यात मोठा आकडा दांडा पलीकडे पडण्याच्या अगदी आधी येतो आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जातो, म्हणून ओढणारा आणि वाचणारा वेगळे. पहिल्यांदा काटा बारापर्यंतही गेला नाही. पुन्हा झाकण, पुन्हा खडू. मग एकदम चोविसाच्या पुढे गेला आणि दांडा पलीकडे जायलाच तयार होईना. मामा पाय रोवून ओढतोय, कपाळावर शीर फुगलेली. "सोड, सोड," मेस्त्री म्हणाले. फार घट्ट केलं तर सांध्यांच्या पिना वाकतात, आणि दांडा पुरता पलीकडे न बसल्यामुळे काम करता करता आपोआप सुटतो. सुटतानाही प्लेटा पुरत्या अलग होत नाहीत, मग गिअर टाकताना दात करकरतात. कडं थोडं मागे घेतलं. ठक. असा आवाज आला की शेडच्या पत्र्यावर बसलेली खार पळाली. तबकडीवर अठराला जरा कमी. मेस्त्रींनी बोल्टवर शेवटचा पिळा दिला.

(१८ हा आकडा आमच्या मशीनचा, आमच्या दांड्याच्या लांबीचा, आमच्या सुतळीच्या जागेचा. कोणी उचलून आपल्या ट्रॅक्टरला लावू नये. ज्याचं पुस्तक असेल त्याने पुस्तक बघावं.)

मी विचारलंच, "मेस्त्री, तुम्हाला तर हातानेच कळत असेल?"

"सकाळी कळतं," ते म्हणाले. "संध्याकाळी हात दमलेला असतो. मग अठरा पण पंचवीस लागतो."

पुढचं त्यांनी चहा पिताना सांगितलं. वर्कशॉपमध्ये तीन पाळ्या चालायच्या. एकाच डोझरवर तीन ऑपरेटर. सकाळचा उंचापुरा, तो लिहून जायचा क्लच लूज. दुपारचा किरकोळ अंगाचा, तो लिहायचा क्लच हार्ड. रात्रीचा काहीच लिहायचा नाही, पण भांडायचा. फिटर बिचारा दिवसातून तीनदा कडं पुढेमागे करत बसायचा आणि मशीन उभं राहायचं. मग कोणीतरी दांड्याला सुतळी बांधली आणि स्टोअरमधला काटा आणला. आकडा भिंतीवर लिहिला. ज्याला लूज वाटतं त्याने येऊन काटा लावावा. भांडण संपलं.

मला हे फार आवडलं, कारण ह्या विषयावरच्या गोडगोड लिखाणाचा मला कंटाळा आलाय. जुन्या मिस्त्रीच्या बोटांना म्हणे लोखंडाची नाडी कळते, कागदी आकड्यांच्या पिढीला ती कळणार नाही वगैरे. खरा जाणकार आपल्या हाताचा भरवसा किती धरायचा हे ओळखून असतो. मेस्त्रींचा हात उत्तम आहे. कडं पेराएवढं सरकवायचं की पेराच्या अर्ध्याएवढं हे त्यांनी कशाने ठरवलं, हे मला विचारूनही नीट कळलं नाही. पण शेवटचा शब्द त्यांनी काट्याला दिला. डिप्लोमाला आम्हाला उलट शिकवलं होतं, की आधी माप, मग अंदाज. इथे अंदाज आधी आणि त्याची झडती घ्यायला माप.

एक बाब राहिली, तीही लोक विसरतात. दांडा पुढे ढकलून क्लच सोडला की गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट लगेच थांबत नाही, आपल्याच वेगाने फिरत राहतो. म्हणून दांडा अगदी शेवटपर्यंत पुढे रेटला की एक छोटा ब्रेक त्या शाफ्टला धरतो. तो ब्रेक झिजला की गिअर करकरतात, आणि दोष जातो क्लचवर. मेस्त्रींनी तोही पाहिला, त्याचं लायनिंग अजून वर्ष काढेल म्हणाले. ग्रीसगनचे दोनच झटके रिलीज कॉलरला, म्हणजे दांड्याने क्लचवर पुढेमागे सरकणाऱ्या कड्याला, दिले. मामा म्हणाला, अजून द्या. "जास्तीचं ग्रीस उडून लायनिंगवर बसतं," एवढंच उत्तर मिळालं. मग वरच्या गिअरमध्ये टाकून, दोन्ही ब्रेक दाबून क्लच लावला. इंजिन गुदमरलं, दबलं आणि बंद पडलं. मामाच्या चेहऱ्यावर असं समाधान की बंद पडण्यासाठीच मशीन घेतलं होतं.

चेनचा ट्रॅक्टर जन्माला कशासाठी आला हे मला नंतर वाचायला मिळालं, आणि मी मामाला फोन करून सांगितलं. कॅलिफोर्नियात स्टॉक्टनजवळ नदीच्या मुखाकडे बांध घालून लोकांनी जमीन कमावली होती. काळी, कुजट, भुसभुशीत माती, पाण्याच्या पातळीच्या खाली. बेंजामिन होल्टचे वाफेचे ट्रॅक्टर त्यात रुतायचे. त्याने चाकं रुंद करत नेली. शेवटी एक ट्रॅक्टर ४६ फूट रुंद झाला, आणि तरी भागेना. मग नोव्हेंबर १९०४मध्ये त्याने मागची चाकं काढून त्या जागी पट्टा लावून पाहिला. इंग्लंडात हॉर्न्सबी कंपनी त्याच सुमारास ह्याच वाटेवर होती. होल्ट आणि बेस्ट ह्या दोन कंपन्या १९२५ला एक झाल्या, ती कॅटरपिलर.

म्हणजे हे यंत्र मुळात बांध घातलेल्या खाजनासाठीच होतं की! आमच्याकडे मांडवी-झुवारीच्या काठाने तेच आहे. मातीचा बांध, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून भरती-ओहोटीचं पाणी आतबाहेर, आत खारं पाणी सोसणारं कोरगुटाचं भात. बांध एकदा फुटला आणि खारं पाणी शिरलं की जमीन उभी राहायला वर्षं जातात. डी-४चा भार जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास पडतो. चालणाऱ्या माणसाच्या टाचेखाली याहून जास्त पडतो. पण आमच्याकडे हे यंत्र डोंगर फोडायला आलं, आणि त्या डोंगरांवरून पावसात वाहून आलेली माती खालच्या शेतांत बसली. मामाला मी हे उत्साहाने सांगत होते. तो म्हणाला, "खाजनात नेलं होतं एकदा, नार्व्याच्या बाजूला. परत आल्यावर बूच काढायचं विसरलो."

बुचाचं असं की क्लचच्या घरांना खाली भोकं असतात. कुठल्या सीलमधून तेल झिरपलं तर ते कोरड्या प्लेटांवर न बसता खाली गळून जावं म्हणून. पाण्या-चिखलात उतरताना त्या भोकांना बूच मारायचं, वर आल्यावर आठवणीने काढायचं. नाही काढलं तर तेल आतच साचतं आणि कोरडा क्लच तेलात न्हातो. कितीही कसा, घसरणारच. मग रॉकेलने धुणं आलं.

मागच्या दोन क्लचांचं दुखणं मात्र गोव्यात वेगळं. तेल नाही, पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा, आणि त्याच्याहून वाईट म्हणजे चार महिने हवेत भरून राहणारा ओलावा. त्या क्लचांत पातळ लोखंडी चकत्यांची चळत असते आणि स्प्रिंगा त्यांना सतत दाबून धरतात. मशीन पावसाळाभर उभं राहिलं की चकत्या गंजाने एकमेकींना चिकटतात. गणेशचवथ झाल्यावर मोठ्या हौसेने मशीन बाहेर काढावं, उजवा दांडा ओढावा, आणि मशीनने नाकासमोर सरळ चालत राहावं. समोर पोफळी असल्या की मजा कळते. मग मोकळ्या जागेत नेऊन दांडा मागे बांधून ठेवायचा, मशीन तापवायचं, पुढेमागे चालवत त्या बाजूच्या ब्रेकला झटके द्यायचे. कधी सुटतं. नाहीतर आत रॉकेल सोडून रात्रभर मुरवायचं आणि पुन्हा सुरुवात.

दांडा ओढला की मशीन त्या बाजूला वळतं, असं सगळे धरून चालतात. सपाटीवर खरं आहे. उजवी चेन सुटली, डावी ओढते, तोंड उजवीकडे. पण तीव्र उतारावर वजनच मशीनला खाली ढकलत असतं आणि इंजिन त्याला धरून असतं. तिथे उजवा दांडा ओढला की उजव्या चेनला धरणारं कोणी उरत नाही, ती जोरात पळते, आणि तोंड वळतं डावीकडे. ब्रेक सोबत दाबला तरच सरळ वागतं. खाणीच्या कडेने डंपावर माती लोटणाऱ्या ऑपरेटरांना हे अंगात भिनलेलं होतं, भिनवून घ्यावंच लागत होतं. मेस्त्री हे सांगताना थांबले आणि मामाला म्हणाले, "तू काजूत उतरताना करतोस काय?" मामा म्हणाला, "मी सरळ उतरतो."

तर पावसाआधी मशीन झाकताना आता आम्ही मागचे दोन्ही दांडे ओढून लाकडाच्या ठोकळ्यांनी तसेच अडकवतो, म्हणजे चकत्या सुट्या राहतात. पण चकत्या सुट्या म्हणजे चेनही सुट्या. गिअरमध्ये ठेवलंय म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि आमची शेड उतारावर. म्हणून ब्लेड जमिनीला टेकवायचं, दोन्ही ब्रेक अडकवायचे, आणि वर चेनखाली जांभ्याचा एकेक चिरा.

काटा मामीला परत द्यायला मीच गेले. तिने तो उलटसुलट करून पाहिला, हुकाला तेल लागलंय म्हणून नाक मुरडलं, आणि मोडला नाही ना हे बघायला दुकानातून आणलेली पाच किलो साखरेची बंद पिशवी अडकवली. काटा साडेपाच. पुन्हा अडकवली. साडेपाच.

"तुम्हीच बिघडवला."

मी मागचं झाकण खोललं. स्प्रिंगवर गंजाचे पोपडे, हात लावला की गळणारे. हे एका दुपारचं काम नव्हतं, कित्येक पावसाळ्यांचं होतं. स्प्रिंगची तार थोडी जरी बारीक झाली तरी तिचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने उतरतो. शंभरात अडीच भाग जाडी गेली की दहा टक्के कडकपणा कमी, आणि तेवढा काटा पुढे. मी धावत जाऊन मेस्त्रींना सांगितलं की आपले अठरा हे अठरा नाहीत, साडेसोळाच्या आसपास आहेत. ते प्लगची वायर परत लावत होते. "मागच्या खेपेला पण तोच काटा होता," म्हणाले. "खोटा असला तरी दर वेळी तेवढाच खोटा." हे मला पूर्ण मान्य नाही, गंज थांबत नाही, पुढच्या वर्षी तो आणखी खोटा असेल. शेवटी असं ठरलं की दर खेपेला आधी साखरेची पिशवी लावायची आणि तो आकडाही १८च्या शेजारी लिहायचा. मामाने लगेच ब्रश आणला.

आत मामी खुर्चीवर बसून वेगळाच हिशेब करत होती. तिच्या काट्यावर बावीस भरलेले काजू व्यापाऱ्याच्या काट्यावर वीस भरायचे, आणि त्यावरून गेले दोन सीझन ती त्याला अंगणात उभं करून, चार लोकांदेखत, चोर म्हणत आली होती. तो बिचारा दर वेळी शपथ घ्यायचा. काही न बोलता तिने काटा खिळ्याला अडकवला.

"आता त्याला काय सांगणार?" मामाने दारातून विचारलं.

"काही नाही सांगायचं," मामी म्हणाली. "भाव तरी तो कुठे बरोबर देतो?"